पाळीव टॅरंटुलांचा स्वभाव : एक आढावा

टॅरंटुलाचा 'स्वभाव' म्हणजे डिवचल्यावर हा कोळी काय करतो याची सवय. तो पळून बिळात शिरतो, पुढचे पाय उगारून उभा राहतो, पोटावरचे केस झाडतो की थेट चावतो, आणि हे सगळे किती थोड्या कारणावरून करतो, एवढ्यावरून पाळणारे एखादी जात 'गरीब' ठरवतात, एखादी 'मारकी'. गुराढोरांचे हे शब्द कोळ्याला लावताना एक मोठा फरक नजरेआड होतो. गरीब गाय माणसाला ओळखते, म्हणून ती गरीब असते. टॅरंटुला माणसाला ओळखतो याचा कोणताही पुरावा नाही. जो गरीब म्हणवला जातो, तो हातावर बसूनही इतकेच दाखवतो की उठून पळावे किंवा लढावे असे त्याला अजून काही जाणवलेले नाही. या प्राण्याच्या वागण्याचा सगळा उलगडा या 'जाणवण्या'पासून सुरू करावा लागतो.

थेराफोसिडी या कुलात हजाराहून अधिक जाती आहेत आणि अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर त्या आढळतात. नाव मात्र उसने आहे. इटलीतल्या तारांतो शहराच्या परिसरात एका लांडगा-कोळ्याच्या दंशाने माणसाला वेड लागते आणि नाचूनच ते उतरते अशी समजूत होती. त्या कोळ्याचे नाव युरोपीय प्रवाशांनी पुढे अमेरिकेतल्या मोठ्या केसाळ कोळ्यांना दिले. 1705 मध्ये मारिया सिबिला मेरियन यांनी सुरिनाममधल्या निरीक्षणांवरून काढलेल्या चित्रात असाच एक कोळी छोट्या पक्ष्याला खाताना दाखवला, आणि क्रूरपणाची ख्याती पक्की झाली. विसाव्या शतकात आर्कान्सा विद्यापीठातले विल्यम बेर्ग यांनी हे प्राणी वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत सांभाळले, अमेरिकी जातींचे दंश स्वतःवर घेऊन पाहिले आणि 1958 मध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. माद्या वीस वर्षांहून अधिक जगतात आणि विनाकारण चावत नाहीत, या दोन्ही गोष्टी मुख्यतः त्यांच्यामुळे लोकांना माहीत झाल्या.

टॅरंटुलाला आठ डोळे असतात, पण ते बारीक असून डोक्यावरच्या एका लहानशा उंचवट्यावर दाटीने बसवलेले असतात. त्यांना उजेड-अंधार आणि जवळची हालचाल कळते. चेहरा कळण्याचा प्रश्नच नाही. त्याचे जग पायांखाली आहे. पायांवरचे अतिशय नाजूक, लांब केस हवेची झुळूकही टिपतात. जमिनीतून येणारा कंप आणि आपल्याच रेशमी धाग्यांवर पडलेला भार त्याला पायांतूनच समजतो. चव आणि वासाची कामेही पाय आणि मुखाजवळची स्पर्शपादांची जोडी करतात. या रासायनिक जाणिवेचे एक विलक्षण उदाहरण पेरूच्या जंगलात मिळते. तिथे एक इवलासा बेडूक मोठ्या टॅरंटुलाच्या बिळात राहतो. पिल्लू कोळी कधी त्याला पकडतो, मुखाशी नेऊन चाचपतो आणि काहीही न करता सोडून देतो. त्याच आकाराचा दुसरा बेडूक मात्र तो खाऊन टाकतो.

काचेच्या पेटीचे झाकण उघडते तेव्हा या प्राण्यापर्यंत काय पोचते, हे यावरून कळते. 'मालक आला' हे त्याला समजत नाही. फक्त एक हादरा, एक झोत आणि काहीतरी मोठे जवळ आल्याचा कंप समजतो. तो कंप भक्ष्याचा असू शकतो, शत्रूचा असू शकतो किंवा नुसता वारा असू शकतो. निर्णय क्षणात घ्यावा लागतो आणि चुकीचा निर्णय जिवावर बेततो. पेटीवर श्वास सोडला की शांत बसलेला कोळी अचानक बिथरतो, यात तापटपणा नाही. रानात इतक्या जवळून गरम, दमट श्वास येतो तो खाणाऱ्या प्राण्याचाच.

तासन्तास न हलणे हा या कोळ्यांचा सर्वांत ठळक गुण. त्यांचा चयापचय अतिशय मंद असतो. मोठी मादी आठवड्याला एखाद्या रातकिड्यावर भागवते आणि काही जाती महिनोन्‌महिने काहीच खात नाहीत. त्यांच्या हालचालीची यंत्रणाही वेगळी आहे. पाय मिटायला स्नायू असतात, पण मोठ्या सांध्यांशी पाय ताणण्याचे काम शरीरातल्या द्रवाच्या दाबाने होते. त्यामुळे जोरात धावल्यावर कोळी लवकर दमतो आणि थबकतो. आजारी किंवा पाणी कमी पडलेल्या कोळ्याचा दाब उतरला की पाय आपोआप पोटाखाली मुडपतात. हे लक्षण दिसले तर काळजी करायलाच हवी. नवखे लोक मात्र ज्याला सर्वांत जास्त घाबरतात ते दुसरेच दृश्य असते, त्याचा विचार पुढे कात टाकण्याच्या संदर्भात येईल.

डिवचलेल्या टॅरंटुलाच्या प्रतिकाराला पायऱ्या असतात आणि बहुतेक जाती त्या ओळीने चढतात. पहिली पायरी दबून बसण्याची किंवा पळण्याची. दुसरी उगारण्याची: पुढच्या दोन्ही पायांच्या जोड्या वर उचलून, विषदंत उघडून कोळी मागे रेलतो. ही धमकी आहे आणि ती खरी मानावी. काही जाती याच वेळी आवाज काढतात. मुखाजवळचे किंवा पायांवरचे राठ केस एकमेकांवर घासून सुसकाऱ्यासारखा आवाज निघतो. दक्षिण अमेरिकेतल्या थेराफोसा ब्लाँडी या महाकाय जातीचा तो काही मीटरांवरूनही ऐकू येतो. भारतात या आवाजाची दखल फार आधी घेतली गेली. जेम्स वुड-मेसन यांनी 1877 मध्ये आसामातल्या एका जातीचे वर्णन करताना तिचे नावच घासून आवाज करणारी या अर्थाने 'स्ट्रिड्युलन्स' ठेवले. यानंतर झडप किंवा पायांचा फटका येतो. त्यात विषदंत अनेकदा टेकतही नाहीत. चावा शेवटचा, आणि चावतानाही विष सोडलेच जाते असे नाही. विष तयार करायला शक्ती खर्च होते आणि ते पोट भरण्यासाठी राखलेले असते.

अमेरिका खंडांतल्या बहुतेक जातींकडे यांशिवाय एक हत्यार आहे, आणि त्यांचा स्वभाव मुळात त्यावरच उभा आहे. त्यांच्या पोटावर काटेरी, सूक्ष्म केसांचा दाट पट्टा असतो. मराठी वाचकाला त्याची कल्पना द्यायला खाजकुइलीच्या शेंगेहून चांगली उपमा नाही. मागच्या पायांनी पोट भराभर खरडून कोळी या केसांचा धुरळा हवेत उडवतो. कातडीवर ते खाज आणि पुरळ आणतात, श्वासाबरोबर नाकात गेल्यास आग होते, आणि डोळ्यांत गेले तर खरा धोका असतो. 1972 मध्ये कुक, रॉथ आणि मिलर या अभ्यासकांनी या केसांचे प्रकार प्रथम नीट लावून दाखवले. पुढे त्यांत भर पडत गेली. काही केस वरवर टोचतात, काही कातडीत खोल घुसतात. अव्हिक्युलारियासारख्या झाडावरच्या जाती केस हवेत न उडवता थेट अंगाला टेकवतात. एफेबोपस या प्रजातीत तर ते पोटावर नसून स्पर्शपादांवर असतात. काही माद्या हेच केस अंड्यांच्या पिशवीत आणि कात टाकण्याच्या रेशमी गादीत विणतात, म्हणजे माश्यांच्या अळ्या आणि मुंग्या दूर राहाव्यात.

हे हत्यार असलेल्या कोळ्याला चावण्याची घाई नसते, म्हणूनच तो 'गरीब' दिसतो. ज्या कोळ्याला माणसे धीटपणे हातावर घेतात, त्याचेच केस डोळ्याला त्रास देऊ शकतात. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरातला एक माणूस लाल, पाणावलेला डोळा घेऊन डॉक्टरांकडे गेला. तपासणीत बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रुतलेले बारीक केस सापडले. पेटी साफ करताना त्याच्या चिलीच्या गुलाबी टॅरंटुलाने केस झाडले होते. ही जात नवशिक्यांसाठी नेहमी सुचवली जाते. पेटीत हात घालताना चष्मा लावणे आणि नंतर हात धुण्याआधी डोळे न चोळणे, हे नियम चाव्यापासून वाचण्याच्या नियमांइतकेच महत्त्वाचे आहेत.

आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे हे केस नाहीत. मधली पायरीच नसल्याने त्या वेग, धमकी आणि विष यांवर अवलंबून असतात. टॅरंटुलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही, तरी म्हणून सगळे दंश सारखे ठरत नाहीत. अमेरिकी जातींचा दंश बहुधा मधमाशीच्या डंखाच्या आसपास राहतो. भारत-श्रीलंकेतल्या पिसिलोथेरिया प्रजातीचा दंश मात्र वेगळा. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा दंशांपैकी अर्ध्याहून अधिक प्रसंगी स्नायूंना तीव्र पेटके आल्याचे आढळले. हे पेटके कित्येक तासांनी सुरू होतात, म्हणजे दुखणे ओसरले म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाला गाठतात. ऑस्ट्रेलियातून 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणसांना झालेले नऊ दंश किरकोळ निघाले, पण दंश झालेले सातही कुत्रे मेले. घरात कुत्रा असेल तर ही माहिती आधी हवी.

जुन्या जगातले मारके आणि नव्या जगातले गरीब, ही विभागणी पहिल्या अंदाजाला चालते, पुढे तोकडी पडते. साल्मोपियस प्रजाती अमेरिकी आहे, पण तिच्याकडे केस नाहीत; ती आशियाई झाडकोळ्यांसारखीच चपळ आणि उगारणारी आहे. तिच्यातल्या एका जातीच्या विषातले घटक आपल्या शरीरात मिरचीचा तिखटपणा ज्या ग्राहकाला जाणवतो त्यालाच उत्तेजित करतात, हे 2006 मध्ये दाखवून दिले गेले. यापेक्षा उपयोगी कसोटी राहणीची आहे. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्याला पळायला वर-खाली मोकळी जागा असते, म्हणून तो आधी पळतो आणि त्याचा वेग डोळ्यांना मागे टाकतो. खोल बीळ करणाऱ्याला एकच दार असते. बिळाबाहेर सापडला किंवा कोपऱ्यात अडकला की त्याला लढण्यावाचून गत्यंतर नसते. आफ्रिकेतला केशरी टेरिनोकायलस म्युरिनस आणि आग्नेय आशियातले बिळकरी कोळी मारके म्हणून गाजले आहेत. त्या कीर्तीतला मोठा भाग त्यांना पुरेशा मातीशिवाय उथळ पेटीत ठेवल्याने मिळाला आहे. दहा-पंधरा सेंटिमीटर माती आणि बिळाची सुरुवात दिली, तर यांतले बरेच कोळी आयुष्याचा मोठा काळ दृष्टिआड शांतपणे काढतात. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकाच्या सह्याद्रीतला कायलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस बिळाभोवती रेशमाचे मोठे पडदे पसरतो. त्या पडद्यांवर कोणाचाही पाय पडला तरी आतल्याला तत्काळ खबर लागते. अशा कोळ्याचे जाळे 'घाण' म्हणून रोज काढून टाकले, तर तो चिडका होणारच.

पाळण्यासाठी सर्वांत अधिक शिफारस होते ती मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या ब्रॅकिपेल्मा प्रजातीची. लाल गुडघ्यांचा जो कोळी जगभर ब्रॅकिपेल्मा स्मिथी या नावाने विकला गेला, त्यातले बरेच कोळी ब्रॅकिपेल्मा हॅमोरी या जातीचे असल्याचे 2017 मधल्या संशोधनाने स्पष्ट केले. स्वभावाच्या जुन्या वर्णनांतही म्हणूनच दोन जाती एकत्र मिसळलेल्या आहेत. हे कोळी सावकाश, दिसायला देखणे आणि केस झाडण्यात उत्साही असतात. मध्य अमेरिकेतला कुरळ्या केसांचा टिल्टोकाटल अल्बोपिलोसस आणि ब्राझील-उरुग्वे भागातला काळाभोर ग्रॅमोस्टोला पुल्क्रा त्यांच्याहूनही संथ मानले जातात. चिलीच्या गुलाबी ग्रॅमोस्टोला रोझियाबाबत अनुभव संमिश्र आहे. एकाच जातीची एक मादी वर्षानुवर्षे निवांत बसते, तर दुसरी पाण्याची वाटी सरकवताच पाय उगारते. जातीच्या नावावरून स्वभावाचा पक्का दाखला देणारी कोष्टके याच ठिकाणी फसतात.

तोच कोळी वेळेनुसारही बदलतो. वर्षाच्या कामकाजातली सर्वांत मोठी घटना म्हणजे कात टाकणे. त्याआधी तो खाणे सोडतो, मंदावतो, बिळाचे तोंड रेशीम-मातीने बुजवतो. केस झाडून टक्कल पडलेल्या जागी पोटाची कातडी काळपट दिसू लागते. नंतर तो रेशमाची गादी विणून उताणा पडतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते कोळी मेला, आणि तो त्याला सरळ करायला जातो. हा स्पर्श त्या वेळी जीवघेणा ठरू शकतो. मेलेला किंवा मरणारा टॅरंटुला बहुधा पालथाच, पाय आत मुडपून असतो. उताणा असेल तर बहुतेक वेळा कात टाकत असतो. काही तासांत जुनी साल सुटते. नवे अंग मऊ असते, विषदंत पांढरट असतात आणि काळे, टणक व्हायला दिवस लागतात. या काळात पेटीत राहिलेला रातकिडाही त्याला कुरतडू शकतो. आधी गरीब असलेला कोळी या आठवड्यांत लगेच उगारतो आणि हे अगदी रास्त आहे. कात टाकल्यावर मात्र झिजलेले केस परत येतात, तुटलेला पायही पुढच्या एक-दोन कातींत पुन्हा उगवतो.

तापमानाचा परिणाम सहज लक्षात येत नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अमेरिकी टॅरंटुला उष्ण हवेत थंडीतल्यापेक्षा दुपटीहून अधिक वेगाने धावले, मात्र त्यांच्या पायांच्या सांध्यांची लय बिघडत गेली. पुण्याच्या डिसेंबरात मंद वाटलेला कोळी मे महिन्यात 'बदलला' असे वाटले, तर बदल हवेतला असतो.

वयात आलेला नर हा तर वेगळाच प्राणी समजावा. शेवटच्या कातीनंतर त्याच्या स्पर्शपादांची टोके फुगीर होतात, अनेक जातींत पुढच्या पायांना आकडे येतात. तो खाणे जवळजवळ सोडतो आणि मादीच्या शोधात पेटीभर येरझाऱ्या घालतो. अमेरिकेत कोलोरॅडोच्या आग्नेय भागातल्या गवताळ माळावर दर शरदात असे नर मोठ्या संख्येने रस्ते ओलांडताना दिसतात आणि लोक ते पाहायला मुद्दाम जातात. पेटीतल्या नराची तगमग हीच असते. ती कमी करण्यासाठी खाऊ घालणे किंवा जागा बदलणे व्यर्थ आहे. मादी अनेक वर्षे जगते, पण बहुतेक नर वयात आल्यावर वर्ष-दीड वर्षात संपतात.

खुणांचा अर्थ लावताना माणूस आपल्या भावना कोळ्यावर लादतो. भक्ष्य पकडल्यावर कोळी गोल गोल फिरतो, त्याला पाळणारे कौतुकाने 'आनंदाचा नाच' म्हणतात. वस्तुतः तो भक्ष्याखाली रेशीम अंथरून ते बांधून टाकत असतो. नव्या पेटीत जमिनीवर राहणारा कोळी काचेवर चढत राहिला, तर ते खेळकरपणाचे लक्षण नव्हे. बहुधा ओल, माती किंवा आडोसा चुकलेला असतो. एकच पाय उचलून स्थिर धरला तर तो कंपाचा मागोवा घेत असतो. पाय उगारणे आणि चाचपण्यासाठी पाय पुढे करणे यांतला फरक विषदंत उघडे आहेत की नाहीत यावरून लवकर कळतो.

हातावर घेण्याचा प्रश्न यातूनच सुटतो. वारंवार हाताळल्याने काही कोळ्यांचा प्रतिसाद सौम्य होतो, एवढे सवयीने शक्य आहे. त्याला त्यात सुख मिळते असे मानायला आधार नाही. पडण्याचा धोका मात्र पक्का आहे. मोठ्या, जड पोटाचा कोळी खांद्याच्या उंचीवरून पडला तर पोट फाटून मरू शकतो. दचकून माणसाने हात झटकला, तर सर्वांत गरीब कोळ्याचाही शेवट तिथेच होतो. जागा बदलायची असेल तर मऊ कुंचल्याने मागून हळुवार स्पर्श करत पारदर्शक डब्यात शिरू देणे, हा दोघांनाही सोसणारा मार्ग आहे.

एकत्र राहण्याबाबतही सरसकट नियम नाही. बहुतेक जाती एकमेकांना खातात. पिसिलोथेरियाची पिल्ले मात्र ढोलीत आईजवळ बराच काळ राहतात, आणि येमेनच्या सोकोत्रा बेटावरचा निळ्या पायांचा मोनोसेंट्रोपस बाल्फोरी पेटीतही कुटुंबाने राहू शकतो.

ज्या जाती हाताला गरीब वाटल्या, त्यांनाच रानातून सर्वांत जास्त उचलले गेले. लाल गुडघ्यांचा कोळी 1985 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापासून सगळी ब्रॅकिपेल्मा प्रजातीच तिथे आहे. भारतातली गोष्ट स्वभावापेक्षा रंगाची आहे. रेजिनल्ड पोकॉक यांनी 1899 मध्ये आंध्रातल्या गुत्ती इथे रेल्वेच्या लाकडी मालात मिळालेल्या एका नमुन्यावरून निळ्या पिसिलोथेरिया मेटालिकाचे वर्णन केले. पुढे शतकभर ती दिसली नाही. 2001 मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात पुन्हा सापडली. 100 चौरस किलोमीटरहून कमी पट्ट्यातल्या या जातीला अतिसंकटग्रस्त मानले जाते. संपूर्ण पिसिलोथेरिया प्रजाती 2019 पासून साइट्सच्या यादीत आहे. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने साइट्समधल्या प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची आली आणि असे प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी बंधनकारक झाली. सह्याद्रीतल्या ढोलीत दिसलेला पिसिलोथेरिया रेगॅलिस घरी आणण्याचा विचार करणाऱ्याने त्याच्या वागण्याआधी हा कायदा वाचावा. रानात त्याचा स्वभाव सहज पाहता येतो: दिवसा ढोलीच्या सालीला चिकटून निपचित, रात्री खोडावर पाय पसरून वाट पाहणारा, आणि विजेरीचा झोत पडताच क्षणात नाहीसा.